ग्रंथालयांनी जिना उतरावा

महाराष्ट्रातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचे अध्यक्ष, विश्वस्त आणि कार्यकारी मंडळांचे सदस्य यांस,



वय वाढून घराबाहेर पडणे कमी झालेल्या माणसांची बुद्धी तरतरीत कशी राहील, हा प्रश्न आजवर डॉक्टरांचा, किंवा फार तर त्या त्या कुटुंबाचा मानला गेला असून सार्वजनिक ग्रंथालयांचा त्याच्याशी काही संबंध असावा असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. तो संबंध आहे आणि जवळचा आहे, हे दाखवून ग्रंथालयांपुढे एक निश्चित काम ठेवावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे. ज्या सभासदांना ग्रंथालयाचा जिना चढवत नाही, त्यांच्याकडे ग्रंथालयाने पुस्तक घेऊन जावे आणि ते परत घेताना त्या पुस्तकाविषयी वाचकाशी बसून बोलावे, असे ते काम आहे. यातील पहिल्या भागाची, म्हणजे घरपोच पुस्तकांची, चर्चा अधूनमधून होते. दुसरा भाग फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि या पत्राचा भर मुख्यतः त्या दुसऱ्या भागावर आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठी गाठलेल्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते, तर संपूर्ण देशात ते ८.६ टक्के होते. म्हणजे हे राज्य देशाच्या सरासरीच्या आधीच म्हातारे होऊ लागले होते, आणि त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे. मुंबईत देवनार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने अन्य संस्थांच्या सोबतीने वार्धक्याचा जो देशव्यापी दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला, त्याला जोडून स्मृतिभ्रंशाची स्वतंत्र पाहणी झाली आणि २०२३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या घरात माणसांना स्मृतिभ्रंश असावा, आणि हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. स्मृतिभ्रंश म्हणजे नुसता विसराळूपणा नव्हे. ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी न आठवणे आणि तासाभराने आपोआप आठवणे हे वयाचे लक्षण आहे. परंतु रोजच्या वाटेवर घर न सापडणे, किंवा जन्मभर केलेला चहा करताना आधी काय आणि मग काय याचा क्रमच हरवणे, हे मेंदूच्या आजाराचे लक्षण असू शकते आणि अशा वेळी डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये. या आकड्याची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. साठीपुढील दर १०० माणसांपैकी ९२ हून अधिक जणांना हा आजार नाही, आणि तरीही त्यांतील कितीतरी जणांच्या बुद्धीला दिवसभरात कुणी काही विचारत नाही.

वयाबरोबर बुद्धी सरसकट ओसरते, हा समज शास्त्राला मान्य नाही. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन प्रकार मानले : अनोळखी प्रश्न चटकन सोडवणारी ती प्रवाही बुद्धी, आणि अनुभवातून, शिक्षणातून, भाषेतून साठत गेलेली ती स्फटिकी बुद्धी. पहिलीचा वेग तरुणपण सरता सरताच मंदावू लागतो. दुसरी मात्र साठीनंतरही बराच काळ टिकते, आणि शब्दसंग्रहासारख्या बाबतीत तर उतारवयापर्यंत वाढतही राहते. मोबाइलवरची नवी सोय पटकन न उमगलेले आजोबा भाऊबंदकीचा गुंतागुंतीचा व्यवहार किंवा कादंबरीतल्या पात्रांचे परस्परसंबंध घरातल्या इतरांपेक्षा अचूक उलगडू शकतात, ते या दुसऱ्या बुद्धीच्या बळावर. आणि घरात मात्र त्यांची एकूण पारख बहुधा पहिलीवरूनच केली जाते.

या क्षेत्रातील आणखी एक संकल्पना विश्वस्तांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. तिला बोधनिक संचय म्हणता येईल. बोधन म्हणजे जाणणे, लक्ष देणे, आठवणे, तर्क करणे या मनाच्या सर्व क्रिया, आणि त्या क्रियांच्या आयुष्यभराच्या वापरातून मेंदूत जी राखीव क्षमता तयार होते तो बोधनिक संचय. अमेरिकेत १९८६ साली डेव्हिड स्नोडन यांनी सुरू केलेल्या अभ्यासात ६७८ वृद्ध ख्रिस्ती जोगिणींनी भाग घेतला आणि मृत्यूनंतर आपला मेंदू तपासणीसाठी देण्याचे मान्य केले. त्या तपासणीत असे आढळले की, काही जणींच्या मेंदूत अल्झायमरच्या आजाराच्या खुणा स्पष्ट असूनही जिवंतपणी त्यांची स्मृती आणि समज शाबूत होती. एकाच दुष्काळात उथळ विहीर आधी कोरडी पडते आणि खोल विहीर पुढे कित्येक आठवडे पाणी देते, तसा हा प्रकार आहे. ही खोली प्रामुख्याने बालपणीच्या आणि तरुणपणीच्या शिक्षणातून येते हे खरे असले, तरी नंतरच्या आयुष्यातील बौद्धिक कामाचाही तिला हातभार लागतो, असे आजवरच्या संशोधनाचे एकंदर म्हणणे आहे.

मग कोणत्या कामाचा हातभार लागतो? याचे बाजारात मिळणारे उत्तर म्हणजे मोबाइलवरचे मेंदूचे खेळ, आणि त्या उत्तराची मर्यादा सांगितली पाहिजे. अमेरिकेत पासष्टीपुढील २,८३२ जणांना स्मरण, तर्क किंवा आकलनाचा वेग यांपैकी एकाचा सराव देणारा मोठा प्रयोग झाला आणि त्याचे पहिले निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ज्याला ज्या गोष्टीचा सराव दिला तो त्या गोष्टीत सुधारला, आणि तर्क व वेग यांतील सुधारणेचा काही अंश दहा वर्षांनंतरही टिकून होता. परंतु स्मरणाच्या सरावाने तर्क सुधारला नाही आणि तर्काच्या सरावाने स्मरण सुधारले नाही. सुडोकू सोडवणारा माणूस सुडोकूत तरबेज होतो. तेवढ्यावरून त्याची इतर कामांतली बुद्धीही तल्लख झाली असे मानण्यास आधार अपुरा आहे. याउलट, २०१४ साली डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या टेक्सासमधील प्रयोगात साठीपुढील माणसांना तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, गोधडीकाम किंवा डिजिटल छायाचित्रण ही पूर्वी न येणारी कला शिकवण्यात आली. या शिकणाऱ्यांचे प्रसंगस्मरण, म्हणजे घडलेल्या गोष्टी लक्षात ठेवण्याची क्षमता, सुधारली, तर केवळ एकत्र जमून गप्पा, सहली आणि करमणूक करणाऱ्या गटाला तेवढा लाभ झाला नाही. म्हणजे नुसती करमणूक पुरत नाही आणि नुसती सोबतही पुरत नाही. कामात नवेपणा असावा लागतो आणि ते थोडे जड जावे लागते.

वाचनाविषयीही प्रामाणिकपणे बोलायला हवे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील पंचाहत्तरीपुढील ४६९ जणांच्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००३ साली जो वर्गीस आणि सहकाऱ्यांनी मांडले, वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण कमी आढळले. मात्र असा संबंध दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. ज्यांची स्मृती आधीच हळूहळू सुटू लागली आहे त्यांचे वाचनही आपोआप सुटते, त्यामुळे वाचन सुटल्याने आजार आला की आजार येत असल्याने वाचन सुटले, हे अशा अभ्यासातून निर्विवाद ठरत नाही. म्हणून पुस्तके नेऊन दिल्याने स्मृतिभ्रंश टळेल असे आश्वासन कोणत्याही ग्रंथालयाने देऊ नये. ज्याची बुद्धी शाबूत आहे त्याला ती वापरण्याचे निमित्त मिळावे, हे आजार टळो वा न टळो, त्या माणसाचे देणे आहे, आणि ग्रंथालयाला या कामात उतरण्यासाठी तेवढे कारण पुरेसे आहे.

आता घराकडे वळावे. मराठी घरांत वडीलधाऱ्यांची काळजी घेण्याची एक पद्धत अशी की, त्यांच्या हातातले काम प्रेमानेच काढून घेतले जाते. ‘बसा तुम्ही, आम्ही करतो’ हे वाक्य आदराचे असते. पण दूधवाल्याचा हिशेब, भाजीची निवड, सणाच्या सामानाची यादी, पाहुण्यांना काय करायचे याचा निर्णय, असे एकेक करून सारे सुटत गेले की त्या माणसाजवळ दिवसभरात ठरवण्यासारखे काहीही उरत नाही. दूर पुण्या-बंगळुरूला किंवा परदेशी असलेली मुले नेमाने फोन करतात, आणि ‘जेवलात का, औषध घेतलंत का’ या दोन प्रश्नांवर संभाषण संपते. या प्रश्नांत माया असते, परंतु त्यांची उत्तरे देण्यासाठी विचार करावा लागत नाही. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ साली कनेटिकटमधील एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग या संदर्भात अजूनही सांगितला जातो. एका मजल्यावरच्या रहिवाशांना आपल्या दिवसाची आखणी स्वतः करण्यास सांगून एकेक रोप सांभाळायला दिले. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली, परंतु त्यांची निगा कर्मचारी राखतील असे सांगितले. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक उत्साही आणि अधिक सजग दिसू लागली. प्रयोग लहान होता, त्याच्यावर सारी इमारत उभारू नये. पण ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पुन्हा एखाद्या कामाची जबाबदारी देऊन पाहिली आहे, त्यांना त्यातील तथ्य पटायला वेळ लागणार नाही.

ग्रंथालयाच्या माणसाने घरी जाण्याचे महत्त्व येथे आहे. तो बाहेरचा असतो, तो तब्येतीची चौकशी करण्यासाठी आलेला नसतो, आणि समोरच्या व्यक्तीशी त्याचे नाते रुग्णाशी नव्हे तर वाचकाशी असते. या भेटीचा तपशील मात्र नीट ठरवावा लागेल, कारण सारा परिणाम तपशिलावर अवलंबून आहे. कार्यकर्त्याने पिशवीत एकच पुस्तक न नेता पाच न्यावीत, आणि त्यांतली दोन कोणती ठेवायची हे वाचकाने ठरवावे. ‘आजींना धार्मिक आवडतं’ असे सुनेने परस्पर सांगितले तरी पिशवीत एखादे प्रवासवर्णन, एखादे आत्मचरित्र, एखादी रहस्यकथा असावीच, कारण आवड वयानुसार ठरत नाही आणि सवयीबाहेरचे पुस्तकच बुद्धीला थोडे जड जाते. पंधरवड्याने पुन्हा गेल्यावर ‘आवडलं का?’ एवढेच विचारले तर ‘छान आहे’ एवढेच उत्तर येईल आणि गोष्ट तिथेच मिटेल. त्याऐवजी, त्या कादंबरीतल्या धाकट्या भावाने वाटणी मागितली ते योग्य केले का, लेखकाने सांगितलेला बाजार आता त्या गावात तसा भरतो का, हे पुस्तक कॉलेजातल्या मुलाला द्यावे की नको, असे प्रश्न विचारावेत. या प्रश्नांना निवाडा करावा लागतो. निवाड्यासाठी पुस्तक पुन्हा आठवावे लागते, आठवलेल्याची मांडणी करावी लागते आणि समोरच्याला पटेल असे बोलावे लागते. आठवणे, मांडणे आणि पटवणे या तीन क्रिया एका बैठकीत घडवून आणणारे दुसरे स्वस्त साधन शोधून सापडणे कठीण आहे. शिवाय पंधरा दिवसांनी कुणीतरी येऊन विचारणार आहे ही जाणीव वाचनालाच वेगळी धार आणते.

त्या वाचकाचा अभिप्राय दोन-चार ओळींत लिहून घेऊन पुढच्या वाचकासाठी पुस्तकातच चिठ्ठीच्या रूपाने ठेवला, तर दोन घरांत बसलेली, कदाचित एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे एकाच पुस्तकावर वाद घालू शकतील. ज्यांना फोनवर बोलणे जमते त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा चार-पाच जणांना एकत्र जोडून अर्धा तास वाचून दाखवता येईल. ही कल्पना परकी नाही. चातुर्मासात पोथी लावण्याची जी रीत अनेक घरांत आणि देवळांत होती, तिच्यात एक जण वाचत असे, दुसरा अर्थ सांगत असे आणि ऐकणारे मध्येच शंका काढत असत. पुस्तक हे एकट्याने मुकाट वाचायचे असते ही समजूत त्या मानाने अलीकडची आहे.

येथवरचे विवेचन वाचता येणाऱ्यांपुरते झाले. परंतु १९६१ च्या जनगणनेत भारतातील स्त्रियांची साक्षरता सुमारे १५ टक्के होती, आणि आज ऐंशीच्या आसपास असलेल्या स्त्रियांचे शाळेचे वय त्याच काळातले. वाचनाच्या नावाने योजना आखली आणि तीत या स्त्रियांना स्थान नसले, तर स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जिथे अधिक आढळले त्याच घरांना ती वगळेल. म्हणून शासनमान्य ग्रंथालयांनी, विशेषतः खेड्यांतल्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयांनी, वाचता न येणारे सभासद ही कल्पना मान्य करावी, अशी या पत्राची विनंती आहे. निरक्षर स्त्रीची स्मृती रिकामी नसते, याचा मोठा पुरावा महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या सांगणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांनी त्या कुठेही लिहिलेल्या नव्हत्या. गिरणी आली, जाते माळ्यावर किंवा परसात गेले, आणि ओवी आठवण्याचे निमित्तच संपले. अशा आजीला ‘ओवी म्हणा’ असे एकदम सांगितले तर ‘आता कुठलं आठवतंय’ असे उत्तर येते. पण जात्याचा खुंटा धरल्यासारखा हात फिरवायला सांगून माहेरची, भावाची, पंढरीची असा विषय सुचवला, तर एका ओळीमागून दुसरी येऊ लागते, कारण अशी स्मृती चाल, हाताची लय आणि विषय यांच्या धाग्याने बांधलेली असते. ग्रंथालयाच्या कार्यकर्त्याने ते ध्वनिमुद्रित करावे, सांगणाऱ्या स्त्रीच्या संमतीने तिच्या नावानिशी नोंदवावे आणि पुढच्या भेटीत तिलाच ऐकवून राहिलेल्या ओळी विचाराव्यात. शेतांची जुनी नावे, पेरणीचा आणि नक्षत्रांचा हिशेब, गावातल्या वाड्यांची वंशावळ, बाळंतिणीचा आहार, असे कितीतरी ज्ञान याच पद्धतीने गोळा होईल. यात ती स्त्री कुणाच्या दयेची धनी नसते. ग्रंथालयाच्या संग्रहात तिने भर घातलेली असते, आणि तो मान तिला कळतो.

भाषेच्या बाबतीत दख्खनच्या प्रदेशातून आलेला एक निष्कर्ष येथे फार मोलाचा आहे. हैदराबाद येथे सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली, आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाली होती, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही आढळला. कुठल्याही एका अभ्यासावर विसंबू नये हे येथेही लागू आहे. तथापि सोलापुरात घरी तेलुगू आणि बाजारात मराठी-कन्नड बोलणाऱ्या विणकर कुटुंबांना, किंवा सीमाभागातल्या दुभाषी घरांना, मुलांच्या शाळेसाठी घरातली एक भाषा गाळून टाकण्यापूर्वी याचा विचार करावासा वाटेल. ग्रंथालयाला एवढे सहज करता येईल की, ज्या वृद्ध सभासदाला दुसरी भाषा येते त्याच्याकडून तिच्यातल्या म्हणी, गोष्टी आणि गाणी मराठीत सांगवून घ्यावीत. एका भाषेतून दुसरीत जाणे हे पुरेसे जड काम आहे.

पुस्तक किंवा ओवी यांत ज्यांना गोडी नाही त्यांच्यासाठी पत्त्यांचा जोड हेही ग्रंथालयाचे साहित्य मानण्यास हरकत नसावी. बदाम सातचा डाव वरवर पोरखेळ वाटतो, पण तो नीट खेळणाऱ्याला कोणत्या रंगावर कोण ‘पास’ म्हणाला हे ध्यानात ठेवावे लागते, त्यावरून कुणाच्या हातात काय अडले आहे याचा अंदाज बांधावा लागतो, आणि आपल्याकडची किलवर अठ्ठी आता उतरवावी की दुसरे पान टाकून ती एक फेरी दाबून ठेवावी हे ठरवावे लागते. माहिती काही क्षण मनात धरून तिच्यावर काम करण्याच्या या क्षमतेला कार्यकारी स्मृती म्हणतात, आणि उतारवयात जिचा कस कमी होत जातो ती मुख्यतः हीच. नातवंडांनी आजोबांना मुद्दाम जिंकू देऊ नये, एवढे पथ्य मात्र पाळावे.

बुद्धीला काम मिळण्याच्या आड येणारी कारणे पुष्कळदा बुद्धीची नसतातच. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारे आणि बदलता येण्याजोगे १४ घटक सांगितले असून ते सारे दूर झाल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असे अनुमान केले आहे. हा आकडा समूहाविषयीचा आहे, कुणा एका व्यक्तीला त्यातून हमी मिळत नाही. उच्च रक्तदाब, मधुमेह, हालचालीचा अभाव, धूम्रपान, नैराश्य, एकाकीपणा यांच्याबरोबरच कमी ऐकू येणे आणि उपचार न केलेला दृष्टिदोष हेही त्या यादीत आहेत. ज्याला नीट ऐकू येत नाही तो चारचौघांतल्या बोलण्यातून हळूहळू अंग काढून घेतो आणि घरचे त्याला ‘हल्ली लक्ष नसतं’ म्हणतात. अमेरिकेत सत्तरी ओलांडलेल्या ९७७ जणांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात श्रवणयंत्राने सर्वांना मिळून फरक पडला नाही, पण ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक होता त्यांच्यात तीन वर्षांतली बौद्धिक घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. कानाचे यंत्र देणे हे ग्रंथालयाचे काम नाही. पण पंधरवड्याने घरी जाणाऱ्या आणि समोर बसून बोलणाऱ्या माणसाच्या, वाचकाला कमी ऐकू येते हे इतर कुणाही आधी लक्षात येऊ शकते, आणि त्याने ते घरच्यांना सांगावे. डोळ्यांच्या बाबतीत मात्र ग्रंथालय स्वतः पुष्कळ करू शकते. मोठ्या टायपातील, म्हणजे निदान १६ पॉइंटच्या अक्षरांतील, मराठी पुस्तके दुर्मीळ आहेत. खरेदीच्या वेळी अनेक ग्रंथालयांनी मिळून तशी मागणी नोंदवली तर प्रकाशकांना तिची दखल घ्यावी लागेल. तोवर दिव्याचे भिंग आणि बोलकी पुस्तके यांनी काम भागवता येईल.

ज्यांना स्मृतिभ्रंश झालेला आहे त्यांच्या घरी जाताना एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. येणारे-जाणारे मायेपोटी ‘ओळखलंत का मला?’ असे विचारतात आणि उत्तराची वाट पाहत उभे राहतात. समोरच्या माणसाला ती परीक्षा वाटते, तो सर्वांदेखत नापास होतो आणि पुढच्या वेळी बोलेनासा होतो. कार्यकर्त्याने प्रत्येक भेटीत आपले नाव आणि येण्याचे कारण आपणहून सांगावे, आठवणीचा प्रश्न न विचारता मताचा विचारावा, आणि जुन्या चित्रांचे पुस्तक, ओळखीचे भजन, मोठ्याने वाचलेली छोटी गोष्ट यांवर समाधान मानावे. ‘या दोहोंतलं कुठलं लुगडं बरं दिसतं’ याला चुकीचे उत्तर नसते.

हे सारे करायचे कुणी आणि कशाच्या बळावर, हा विश्वस्तांचा रास्त प्रश्न असेल. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला आणि त्याखाली आज राज्यात हजारो ग्रंथालये अनुदान घेतात. अनुदान अपुरे आहे, कर्मचाऱ्यांचे वेतन तुटपुंजे आहे आणि त्यांच्यावरच हे काम टाकणे अन्यायाचे होईल. परंतु ग्रंथालय संचालनालय आणि महाविद्यालये ही दोन्ही उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्याच अखत्यारीत येतात, आणि राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांना वर्षाला १२० तासांचे समाजकार्य करायचे असते. एका विद्यार्थ्याने पंधरवड्यातून दोन घरे सांभाळली, तरी त्या तासांत हे काम बसते, आणि ते झाडलोटीच्या शिबिरापेक्षा त्याला स्वतःला अधिक काही शिकवून जाईल. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेद्वारे पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत नेल्या आणि लोकवर्गणीतून ती योजना महाराष्ट्राबाहेरही पोहोचवली. पुस्तकाने वाचकाकडे जाणे मराठी समाजाला जमते, हे त्यातून सिद्ध झालेले आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. एवढ्या जुन्या संस्थांच्या सभासदवहीतून गेल्या काही वर्षांत कोणती नावे वर्गणी थकली म्हणून कमी झाली हे एकदा पाहिले, तर त्यांतील किती जणांचे वाचन संपले होते आणि किती जणांचे फक्त गुडघे दुखू लागले होते, हे कळून येईल.

सुरक्षिततेचा विचार सुरुवातीलाच करावा लागेल, कारण एकट्या राहणाऱ्या वृद्धांची फसवणूक ही रोजची बातमी झाली आहे. कार्यकर्त्यांनी जोडीनेच जावे, ग्रंथालयाचे छायाचित्रासह ओळखपत्र बाळगावे, आधी फोन करून ठरलेल्या वेळीच जावे. पैसे, बँकेची कामे, मोबाइलवर आलेले क्रमांक आणि कोणत्याही कागदावरची सही यांना हात लावू नये, आणि हे नियम छापून वाचकाच्या घरी द्यावेत. घरात उपेक्षा किंवा छळ होत असल्याचे दिसल्यास ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीची माहिती त्या व्यक्तीला द्यावी आणि ग्रंथपालाला कळवावे. वर्गणी, दंड आणि हरवलेल्या पुस्तकाची भरपाई यांत अशा सभासदांना सवलत द्यावी लागेल. ती किती द्यायची हे प्रत्येक मंडळाने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे.

मोठी योजना आखून निधीची वाट पाहण्यापेक्षा प्रत्येक ग्रंथालयाने पहिल्या वर्षी दहाच घरे घ्यावीत, त्यांत निदान चार घरे वाचता न येणाऱ्या सभासदांची असावीत, आणि ही घरे निवडण्यासाठी थकबाकीदार सभासदांची यादी, आशा सेविका आणि गावातला ज्येष्ठ नागरिक संघ यांची मदत घ्यावी. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घेऊन त्यासाठी एका विश्वस्ताची नेमणूक व्हावी, आणि वर्षअखेरच्या अहवालात देवघेव झालेल्या पुस्तकांच्या संख्येशेजारी घरी झालेल्या भेटींची संख्याही छापली जावी, अशी विनंती आहे.

कळावे.

एक वाचक